ईस्टरनंतरही टिकेल असा उपवासकाळ: शिष्यत्वाच्या चाळीस दिवसांची आखणी

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घ्यायला चर्च भरतं, गुड फ्रायडेला उभं राहायला जागा मिळत नाही आणि ईस्टरनंतरच्या रविवारी बाकं पुन्हा मोकळी. मधल्या चाळीस दिवसांत, म्हणजे उपवासकाळात, कुणी मटण सोडलेलं असतं, कुणी चहा, कुणी मालिका. ईस्टरच्या दुपारी हे सगळं व्याजासकट परत येतं. उपवासकाळ म्हणजे काहीतरी सोडायची मुदत, अशी समजूत असली की दुसरं काही होणारही नाही.

हा काळ वाढला तो बाप्तिस्म्याच्या तयारीतून. आरंभीच्या शतकांत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची शेवटची तयारी या दिवसांत होई आणि बाकीची मंडळी त्यांच्याबरोबर उपवास करी. आजही ईस्टर जागरणाच्या मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, सगळे हातात पेटती मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतात. सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करता का, असं विचारलं जातं आणि आपण ‘करतो’ म्हणतो. आखणी तिथून उलटी करत आणायची. त्या रात्री नेमका कशाचा त्याग आणि नेमका कशाचा स्वीकार, हे आधी ठरवायचं आणि चाळीस दिवस त्याचाच सराव करायचा.

पुढची आखणी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही वापरता येईल. नियम वेगळे असतील तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कॅलेंडर

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार (पवित्र सप्ताहाचा पहिला दिवस) २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४० उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. केरळातल्या सिरियन परंपरेचे ख्रिस्ती राखेच्या बुधवारापर्यंत थांबत नाहीत, ते आधीच्या सोमवारीच सुरुवात करतात आणि पन्नास दिवस धरतात. मुंबई-पुण्यात शेजारी मल्याळी कुटुंब असेल तर त्यांचं वेळापत्रक वेगळं का, याचं उत्तर हे.

कॅलेंडर समोर घेऊन आधी अडचणीचे दिवस खुणा करून ठेवा. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाच्या परीक्षा, नोकरदारांना मार्चअखेर, लेखापालांना तर विचारूच नका. २०२७ मध्ये होळी-धुळवडही पवित्र सप्ताहाच्या तोंडावरच आहे. दहावीचं मूल घरात असताना पहाटे पाचला कुटुंबाची तासभर प्रार्थना ठरवणारी आखणी पहिल्या आठवड्यातच कोलमडते.

एक पान, चार ओळी

राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी अर्धा तास काढा आणि वहीच्या एका पानावर चारच ओळी लिहा: प्रार्थना, उपवास, दान आणि एक बाकी राहिलेलं काम. पहिल्या तीन गोष्टी मत्तयच्या सहाव्या अध्यायातल्या आहेत. चौथी बहुतेक जण टाळतात. ती कोणती, ते पुढे येईल.

प्रत्येक ओळीत काय, केव्हा, कुठे आणि कुणाबरोबर ही चारही उत्तरं हवीत. ‘जास्त प्रार्थना करीन’ ही आखणी झाली नाही. ‘सकाळी ५.४० ला, चहा ठेवण्याआधी, खिडकीजवळच्या खुर्चीत, २० मिनिटं’ ही झाली. शिवाय प्रत्येक ओळीपुढे कंसात अडचणीच्या दिवसाचं किमान माप लिहा. वीस मिनिटं जमली नाहीत तर पाच, पण शून्य नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं प्रभूने लूक १४:२८ मध्ये मागे येणाऱ्या लोकसमुदायाला सांगितलं ते या अर्थाने फार व्यवहारी आहे.

चारच ओळी का? आठ-दहा संकल्प करणारे लोक दुसऱ्या आठवड्यात एक मोडतात आणि त्या अपराधी भावनेत उरलेले सगळे सोडून देतात. नव्याचे नऊ दिवस. पहिल्या रविवारनंतरच्या बुधवार-गुरुवारी उत्साह ओसरतो, तिथे किमान माप कामाला येतं.

वीस मिनिटांची प्रार्थना

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छापील बायबल घ्या. मोबाइलवर वाचलंत तर वचनाच्या मधोमध सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याचा टँकर येऊन उभा राहतो आणि परत फिरायला पाच मिनिटं जातात. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांना दिसत नाही त्यांना घरातल्या कुणी मोठ्याने वाचून दाखवावं. नातवंडांसाठीही हे चांगलं काम आहे.

पहिली दोन मिनिटं गप्प बसा. मग ठरलेला उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. याला पाच मिनिटं पुरतात. ज्या शब्दापाशी अडखळलात तिथे पाच-सहा मिनिटं थांबा. अर्थ लावायची घाई नको. त्यानंतर पाच मिनिटं त्याच विषयावर देवाशी बोला, आपल्या रोजच्या भाषेत. शेवटच्या दोन मिनिटांत वहीत एक ओळ लिहा: आज काय करायचं. ‘देव प्रेमळ आहे’ असं काही लिहू नका. ‘दुपारी काकूंना फोन’ असं लिहा.

वाचायला मार्क घ्या. सोळा अध्याय, सुमारे पावणेसातशे वचनं, सगळ्यांत छोटं शुभवर्तमान. २०२७ हे रविवारच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातलं ‘ब’ वर्ष आहे, म्हणजे चर्चमध्येही मार्कच प्रमुख असेल आणि झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तांत मार्कचाच वाचला जाईल. सरासरी काढली तर रोज सतरा वचनं होतात, पण सरासरीने वाचू नका. पहिल्या चार दिवसांत पहिला अध्याय. पहिल्या आठवड्यात दोन ते चार. दुसऱ्या आठवड्यात पाचपासून ८:२१ पर्यंत जरा वेगाने. तिसरा आणि चौथा आठवडा फक्त ८:२२ ते १०:५२ या भागाला द्या. पाचव्यात अकरा ते तेरा, पवित्र सप्ताहात चौदा आणि पंधरा, ईस्टरच्या सकाळी सोळावा.

मधल्या भागाला दोन आठवडे द्यायचे, कारण शिष्यत्वाचा सगळा अभ्यासक्रम तिथेच आहे. त्याची रचना पाहा. बेथसैद्यातल्या आंधळ्यापासून भाग सुरू होतो. प्रभूचा हात लागल्यावर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात, दुसऱ्यांदा हात लावल्यावर नीट दिसतं. लगेच पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, आणि तीनच वचनांनंतर त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. त्यालाही माणसं अजून झाडांसारखीच दिसत आहेत. पुढे येशू तीन वेळा आपल्या मरणाविषयी सांगतो, ८:३१, ९:३१ आणि १०:३३ मध्ये. तिन्ही वेळा शिष्यांचं डोकं भलतीकडेच असतं. एकदा पेत्राचं दटावणं, एकदा ‘आपल्यात मोठा कोण’ हा वाद, एकदा याकोब आणि योहान यांची उजव्या-डाव्या आसनांची मागणी. तिन्ही वेळा प्रभू रागावून निघून जात नाही, तिथेच बसून पुन्हा शिकवतो. शेवटी यरीहोच्या वाटेवर बार्तीमय हा दुसरा आंधळा. ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ हाच प्रश्न येशूने थोडंच आधी याकोब-योहानांनाही विचारला होता. त्यांनी आसनं मागितली, बार्तीमयाने दृष्टी मागितली आणि वस्त्र टाकून तो वाटेने त्याच्यामागे निघाला.

हा भाग वाचताना वहीत एकच काम करा. पेत्र, वाद घालणारे बारा, याकोब-योहान आणि बार्तीमय यांपैकी आज आपण कोण होतो, ते लिहा. चौथ्या आठवड्याअखेर वही चाळली की आपली नेहमीची खोड आपोआप दिसते.

रात्री झोपण्याआधी दिवसाचा झाडा घ्या, सात-आठ मिनिटं. लोयोलाच्या इग्नेशियसची जुनी पद्धत अजून चालते. एकच दोष निवडा, समजा घरच्यांवर खेकसणं. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखा, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. सकाळी उठताना त्या दोषापासून जपण्याचा निश्चय करायचा, दुपारी जेवणानंतर तास-तास आठवून जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके पहिल्या ओळीवर, रात्री तसेच दुसऱ्या ओळीवर. आठवड्याने आठवड्याशी तुलना करायची. ठिपके कमी झाले म्हणून हुरळायचं नाही, कुठल्या ओळीवर जास्त पडतात ते बघायचं. संध्याकाळीच पडत असतील तर बहुधा प्रश्न भुकेचा किंवा लोकलच्या गर्दीचा असतो, आणि उपाय प्रार्थनेइतकाच चार वाजताच्या डब्यातही असतो.

पश्चात्तापाची सात स्तोत्रं (६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३) एकेका आठवड्याला एक अशी रात्री म्हणता येतात. ५१ वं राखेच्या आठवड्याला ठेवा. कुटुंबाची प्रार्थना असेल तर ती पंधरा मिनिटांवर नेऊ नका: एक भजन, दहा-बारा वचनं, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना. प्रॉटेस्टंट घरांत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाताशी असतंच. त्यात नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं आहेत, चाल सगळ्यांना पाठ. लहान मुलांकडून पेटीवर सूर धरून घ्या, म्हणजे ती बसतात.

उपवास

कॅथलिकांसाठी किमान नियम असा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास: एक पूर्ण जेवण आणि दोन हलके आहार, दोन्ही मिळून एका जेवणाइतके न होणारे. हा नियम १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांसवर्जन त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी, १४ पूर्ण झालेल्या सर्वांना. २०२७ मध्ये गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात. त्यातला १९ मार्चचा शुक्रवार संत योसेफाच्या सोहळ्याचा असल्याने त्या दिवशी मांसवर्जनाचं बंधन नाही. पाणी आणि औषध यांना कधीच मनाई नसते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लिखित नियम बहुधा नसतो. तिथे पाळकांशी बोलून आठवड्यातून एक दिवस, एक जेवण सोडणं हे सुरुवातीला योग्य माप.

नियमाचं अक्षर पाळून उपवास हुकवण्याच्या दोन ठरलेल्या वाटा आहेत. पहिली मासळीची. नियमात मासळी चालते, म्हणून शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट. वसईपासून गोव्यापर्यंत ज्यांच्या ताटात रोजच मासळी, त्यांनी मटण टाळून काय सोडलं? त्यांच्यासाठी वरण-भात-भाजीचा शुक्रवार हा खरा उपवास. दुसरी वाट साबुदाण्याची. शेजारचं बघून आपल्याकडेही उपवासाला खिचडी, वडे, वर रताळ्याचा कीस सुरू झाला आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी. शेंगदाणे-तुपात परतलेली ताटभर खिचडी खाऊन भूक लागतच नाही, आणि भूक लागलीच नाही तर ती प्रार्थनेची आठवण कशी करून देणार? सोडलेल्या जेवणाची वेळ प्रार्थनेला दिली नाही तर ते नुसतं डाएट होतं.

कुणी जेवण सोडू नये तेही स्पष्ट असू द्या: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया, आजारातून उठलेले, उन्हात अंगमेहनत करणारे, ज्यांना खाण्याचे मानसिक आजार आहेत असे. साखर एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो. अशांनी डॉक्टरांना विचारावं आणि जेवणाऐवजी दुसरं काही सोडावं. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने राखेच्या बुधवारी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप, भास, प्रसंगी झटकेही येतात. हे धोक्याचं असतं. तिथे आधी डॉक्टर, मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा. काही ठिकाणी ती चर्चच्याच सभागृहात भरते. फादरांना विचारलं तर पत्ता मिळतो.

रविवारी सूट घ्यायची का, यावर दरवर्षी घरोघरी वाद होतो. आमचं मत असं: जेवणाखाण्याच्या बाबतीत रविवारी सूट घ्यावी, तो सणाचा दिवस आहे. ज्याचं व्यसन आहे (दारू, तंबाखू, मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ) त्यात घेऊ नये. दर सोमवारी नव्याने सोडावं लागतं आणि नव्याने सोडणं हेच सर्वांत अवघड असतं.

दान, आणि दानाआधीचं देणं

उपवासातून वाचलेला पैसा दानात गेला पाहिजे. तो खात्यात तसाच राहिला तर उपवासाने आपली बचत झाली, एवढंच. हिशेब साधा आहे. शुक्रवारचं एक किलो मटण टळलं की सातशे-आठशे रुपये वाचतात. आठवड्याला ते एका पाकिटात घाला, रोख. मोबाइलने नंतर पाठवू म्हटलं की राहून जातं. पाकीट देवघराजवळ किंवा क्रुसाखाली सगळ्यांना दिसेल असं ठेवा, मुलंही त्यात घालतात. उपवासकाळात कारितास इंडियाची आणि अनेक धर्मप्रांतांची मदतमोहीम असते, तिथे देता येतं. ओळखीच्या एका मुलाची फी भरणं हेही तितकंच चांगलं. मात्र ज्याला दिलं त्याचं नाव जेवणाच्या टेबलावर घेऊ नका. डाव्या हाताला कळू न देण्याची आज्ञा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही लागू आहे.

आता चौथी ओळ. जक्कयाने (लूक १९) निम्मी मालमत्ता गरिबांना दिली, हे सगळ्यांना आठवतं. त्याच वाक्यात तो म्हणाला की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. दान हे आपल्या मालकीच्या पैशाचं असतं. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे असेल तर तो परत करण्याला दान म्हणत नाहीत, ते देणं असतं. पहिल्या आठवड्यात बसून देण्यांची यादी करा. घेतलेली उसनवारी. कामवाल्या बाईंची कापलेली सुट्टी. दुकानातली उधारी. आकडा टाकून घेतलेली वीज. कार्यालयातून घरी आलेलं सामान.

आणि जमीन. वसई, उत्तन, अलिबाग पट्ट्यात, जिथे गुंठ्याचा भाव गगनाला भिडला, तिथे किती तरी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, कधी लग्नाच्या खर्चाचं कारण देऊन, कधी कागद न वाचून दाखवता. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थानं गुडघ्यावर करणारा भाऊ बहिणीचा सातबारावरचा हिस्सा दाबून बसला असेल, तर त्याच्या उपवासकाळाचं काम क्रुसाच्या वाटेवर नाही, तलाठी कार्यालयात आहे. चाळीस दिवसांत फेरफार होणार नाही. पण वकिलाला भेटणं, बहिणीला घरी बोलावून कागद समोर ठेवणं आणि तिचा हिस्सा किती ते तोंडाने कबूल करणं, एवढं नक्की होतं.

समेट

अर्पण वेदीवर आणताना भावाला आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर आधी जाऊन समेट करा, असं मत्तय ५:२३–२४ सांगतं. एकच माणूस निवडा आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला भेटा. प्रत्यक्ष भेट, ते अशक्य असेल तर फोन. मेसेज नको. मेसेजचा सूर वाचणारा आपल्या रागाने लावतो आणि त्याचा फोटो काढून पुढे जातो.

काय बोलायचं ते आधी लिहून काढा. तीनच वाक्यं: ‘दिवाळीच्या वेळी मी तुझ्याबद्दल आईजवळ असं असं बोललो. ते चूक होतं. मला क्षमा कर.’ लिहून झाल्यावर त्यात ‘पण’, ‘तरी’, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द शोधा आणि खोडा. ‘वाईट वाटलं असेल तर’ म्हटलं की दोष ऐकणाऱ्याच्या कातडीचा होतो. समोरचा लगेच विरघळेल असं धरू नका. तो गप्प बसला, चार शब्द सुनावले, तरी आपलं काम झालं. प्रत्युत्तर देऊ नका, चहा मिळाला तर घ्या आणि निघा.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे, लैंगिक अत्याचार केलेल्या नातेवाइकाकडे, धमकावणाऱ्याकडे ‘समेटासाठी’ कुणालाही पाठवू नये. मनातून क्षमा करणं आणि त्या माणसाच्या हाताच्या अंतरात परत जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पोलिसांत तक्रार करणं क्षमेच्या विरुद्ध नाही. उपदेश करताना हे सांगायला धर्मगुरू आणि पाळक दोघंही विसरतात.

पापनिवेदन आणि सोबती

कॅथलिकांनी पापनिवेदन पवित्र सप्ताहावर ढकलू नये. तेव्हा रांग दाराबाहेर जाते, फादर थकलेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, शनिवारच्या मिस्साआधी अर्धा तास जा. आधीचं पापनिवेदन केव्हा झालं ते सांगा, मग गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह, थोडक्यात. सासूने काय केलं ती हकिगत तिथे सांगायची नसते. फार वर्षं गेला नसाल तर तेच पहिलं वाक्य असू द्या, पुढचं फादर विचारून घेतात. सगळ्यांत सामान्य चूक म्हणजे किरकोळ पापांची लांबलचक यादी सांगून मुख्य गोष्ट शेवटी पुटपुटणं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? ती आधी सांगा, बाकीचं सोपं जातं.

प्रॉटेस्टंट उपासनेत पापकबुली सामुदायिक असते, ती मोघम राहू शकते. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं, म्हणून एक सोबती निवडा. कॅथलिकांनाही तो उपयोगी पडतो. तोंड बंद ठेवणारा, आपल्याला घाबरत नसलेला, शक्यतो आपल्याच लिंगाचा. जोडीदाराला एकट्याला हे काम देऊ नका, घरातल्या भांडणात तो पक्षकार असतो. आठवड्याला एकदा, अर्धा तास, तीन प्रश्न: ठरवलेलं किती झालं? कुठे घसरलास? आता जे सांगितलंस त्यात काही लपवलंस का? तिसरा प्रश्न ओशाळवाणा वाटतो, तरी गाळू नका. मग एकमेकांसाठी मोठ्याने प्रार्थना. तिघे-चौघेही चालतात, त्याहून जास्त झाले की सभा होते आणि सभेत कुणी खरं बोलत नाही. आणखी एक सावधगिरी: ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं काय चाललंय ते तुम्हाला माहीतच आहे’ ही प्रार्थनाविनंती नव्हे, चहाडी आहे. इथे प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं.

आठवड्यातून एक भेटही याच आखणीत बसवा: अंथरुणाला खिळलेलं, एकटं राहणारं, चर्चला येऊ न शकणारं कुणी. आधी फोन करा, पंधरा-वीस मिनिटं बसा, निघताना ‘काही हवं का?’ असं विचारू नका, कुणी ‘हवं’ म्हणत नाही. ‘औषधं संपलीत का, बिल भरायचंय का?’ असं विचारा. ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घरी हवा असेल तर तो निरोप फादरांपर्यंत पोचवा.

मोडलं तर

मोडणारच. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई करू नका, किमान मापाने पुन्हा सुरू करा. लागोपाठ तीन दिवस चुकले तर दोष इच्छाशक्तीवर टाकण्याआधी वेळ आणि जागा बदलून बघा. सकाळ जमत नसेल तर दुपारच्या डब्यानंतरची दहा मिनिटं, गाडीत, चर्चच्या पायरीवर. तिसऱ्या आठवड्यात प्रार्थना कोरडी वाटते, शब्द फुटत नाहीत. तेव्हा आपल्या शब्दांचा हट्ट सोडा आणि स्तोत्र वाचा, तीच प्रार्थना. याच्या उलट प्रकार म्हणजे सगळं छान चाललेलं असणं आणि उपवास न करणाऱ्या सुनेकडे तिरक्या नजरेने बघणं. हा प्रकार ठिपक्यांच्या वहीत नोंदवा.

पवित्र सप्ताह

या आठवड्यात नवं काही सुरू करू नका, हजर राहा. पवित्र गुरुवारी, २५ मार्चला, पाय धुण्याचा विधी आणि प्रभुभोजन. त्यानंतर एक तास शांत जागरण, गेथशेमानेतला उतारा मार्क १४ मधून. गुड फ्रायडेला उपवास. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, कॅथलिकांत तीनच्या सुमारास दुःखसहनाची उपासना होते, त्या दिवशी मिस्सा नसतो. लहान मुलांना तीन तास बसवू नका, एका उद्गारापुरतं आणा. शनिवार हा रंग आणि केक यांच्या तयारीत संपतो. दुपारचे दोन तास तरी रिकामे ठेवा आणि पहिल्या दिवशी लिहिलेलं पान वाचा. रात्रीच्या जागरणात जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असतात. थकवा येऊ नये म्हणून संध्याकाळी तासभर झोपून जा.

बाप्तिस्म्याची वचनं देण्याआधी त्या पानाच्या मागच्या बाजूला दोन वाक्यं लिहून ठेवा: एक ‘त्याग करतो’ने संपणारं, एक ‘विश्वास ठेवतो’ने संपणारं, दोन्ही अगदी ठोस. जागरणाची उपासना तुमच्या चर्चमध्ये नसेल तर ईस्टरच्या सकाळी घरी, सोबत्यासमोर मोठ्याने वाचा.

पन्नास दिवस

उपवासकाळ चाळीस दिवसांचा, ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा, १६ मे २०२७ च्या पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत. आनंदाचे दिवस जास्त, हे मुद्दाम आहे. जेवणाचे निर्बंध ईस्टरला संपू द्या, मटण आनंदाने खा. चार ओळींतली फक्त एक पुढे चालवायची. सहसा सकाळची वीस मिनिटं किंवा सोबत्याची भेट टिकते, कारण त्यांत काही सोडावं लागत नाही. ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी सोबत्याला भेटून ती एक ओळ ठरवा आणि बाकी तीन रीतसर बंद झाल्या असं एकमेकांना सांगा, म्हणजे त्या नुसत्या राहून गेल्या अशी बोच राहत नाही. देण्यांच्या यादीतलं काही उरलं असेल तर त्यापुढे तारीख घाला आणि सोबत्याला ती तारीख माहीत असू द्या. मार्क वाचून झाला असेलच, पेन्टेकॉस्टपर्यंत प्रेषितांची कृत्यं घ्या. अध्याय अठ्ठावीस आहेत, एक दिवसाआड एक वाचला तर पन्नास दिवसांत जवळजवळ बसतो, शेवटी सहा दिवस रोज वाचावं लागेल.